वऱ्हाडात पोलिसांची बंदूक निवडली त्याची हकिगत

सव्वीस वर्षे मी पोलिसांच्या बंदुकांवर पोट भरले, आणि तेवढ्या वर्षांत स्वतः बंदूक झाडली ती एकदाच. तीही डोळे मिटून. त्यामुळे ‘शौर्याचे प्रसंग लिहा’ असे कोणी म्हणाले की मी गप्प बसतो. माझ्याजवळ शौर्य नाही. पण बंदूक निवडायची कशी, विकत घ्यायची कशी, आणि निवड चुकली तर काय होते, एवढे मला सांगता येईल. यातले बहुतेक मला शिकवले ते लिहितावाचता न येणाऱ्या एका जमादाराने.

आमचे घराणे अमरावतीचे, भिक्षुकीचे. मी चार बुके इंग्रजी शिकलो आणि नव्याने उभ्या राहिलेल्या पोलीस कचेरीत हत्यारांच्या कोठीवर कारकून म्हणून लागलो. वडिलांना ही चाकरी रुचली नव्हती. ते म्हणाले, “आपल्या घरात शस्त्राची पूजा दसऱ्याला एकदा होते. तू आता रोज करणार म्हणायचा.”

कोठी कसली, एका दगडी इमारतीतली कोंदट खोली होती. मागच्या अमदानीतल्या बंदुका तिथे सरपणासारख्या रचून ठेवल्या होत्या. तोड्याच्या होत्या, म्हणजे ज्यांना जळती वात लावावी लागते. गारेच्या होत्या, ज्यांना ठिणगी पाडावी लागते. आणि थोड्या टोपीच्या होत्या, ज्यांच्या टोपीवर घोडा आपटला की बार उडतो. सगळ्या ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर कागदात गुंडाळलेली गोळी घालायची आणि गजाने ठासायची.

त्या साफ करायला एलिचपूरच्या छावणीत काम केलेले रहीम मिस्त्री आले. वयस्क माणूस, कानांनी जरा मंद. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने एक बंदूक उचलली आणि आत किती घाण आहे ते पाहायला नळीला डोळा लावला. मिस्त्रींनी नळीत गज सोडला, तो मध्येच अडला. त्यांनी शांतपणे माझ्या हातातून बंदूक काढून घेतली आणि म्हणाले, “पंत, ये भरी हुई है. तुमच्या लग्नाच्या आधीपासून भरलेली असंल.” त्या दिवसापासून मी बंदुकीकडे बाजूनेच पाहत आलो आहे.

तेवढ्यात अमेरिकेत लढाई लागली. तिकडचा कापूस विलायतेला जाणे बंद झाले आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे मोल आले. अमरावतीपासून अकोला, तिथून खामगाव, सगळी वाट गाड्यांनी भरून गेली. आगगाडी तेव्हा आमच्याकडे पोचायची होती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या. आणि जिथे चांदी दिसते तिथे लुटारूही दिसतात. वाटेवर गाड्या लुटल्या जाऊ लागल्या, तेव्हा व्यापारी कचेरीत येऊन बसू लागले. आमच्या कचेरीच्या इंग्रज साहेबांनी वर लिहून पोलिसांसाठी नवी हत्यारे घेण्याची मंजुरी आणली, आणि निवडीचे काम तिघांवर सोपवले. एक ते स्वतः, दुसरा मी लिहिण्यापुरता, आणि तिसरे उकर्डा जमादार.

उकर्डा जमादार चांदुराकडचे, शेतकरी घरातले. आधीची भावंडे जगली नाहीत म्हणून आईने दृष्ट लागू नये असे नाव ठेवले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे. बोलणे तोडून टाकल्यासारखे. कोणी पुण्याचा माणूस कचेरीत आला तर त्याला वाटायचे, जमादार भांडून राहिले आहेत.

मी त्यांना एकदा विचारले, “जमादार, बंदूक चांगली की वाईट हे कशावरून ओळखायचे?”

“कोनाची बंदूक? पलटनीची का आपली?”

“दोन्हींत फरक काय?”

“पलटनवाला समोरच्याले मारासाठी जाते. आपन वाटनं चालासाठी जातो,” ते म्हणाले. “माहा शिपाई दिवसाले आठ कोस चालते. बंदूक खांद्यावर, खांदा रातभर दुखते. अन् समोर कोन असते? चार चोर अन् चाळीस गाडीवाले. चाळीसायले धक्का न लागता चार धराचे हायेत.”

हे सगळे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. मी ऐकले, आणि विसरलो.

हत्यारे दाखवायला मुंबईच्या एका पेढीचे मुनीम आले, हरजीवनभाई. लाघवी माणूस, खरेच चांगला. त्यांनी आणलेला माल खोटा नव्हता, हे मी आजही सांगेन. ती विलायती रायफल होती. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी त्यांतून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ आणि फार लांब जाते. आमच्या जुन्या सपाट नळीच्या बंदुकीची गोळी शंभर पावलांवर कुठे जाईल हे गोळीलाही ठाऊक नसे.

गावाबाहेरच्या माळावर परीक्षा झाली. तीनशे पावलांवर मडकी ठेवली होती. मुनीमजींच्या माणसाने तीन बारांत दोन फोडली. साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसले आणि हसले. मग म्हणाले, “पंत, तुम भी.” तोच माझा आयुष्यातला एकमेव बार. माझी गोळी कुठे गेली ते कळले नाही. खांदा मात्र चार दिवस हळद लावून बसला होता.

सगळे खूश होते. तेव्हा उकर्डा जमादार पुढे आले आणि त्यांनी मुनीमजींना विचारले, “शेठ, मडकं फुटलं थे दिसलं. गोळी कुठी थांबली?”

मुनीमजी म्हणाले, “जमादारसाहेब, ही गोळी मैलभर जाते!”

“थेच इचारून राहिलो. मैलावर कापूस वेचनाऱ्या बाया असतात.”

मुनीमजी हसले. जमादार हसले नाहीत. ते खाली वाकले आणि बंदुकीच्या तोंडापुढे दहा-बारा पावलांवर पडलेला कागदाचा एक तुकडा त्यांनी उचलला. गोळीभोवतीचा कागद बार उडाला की फाटून बाहेर पडतो. त्या तुकड्याची कड अजून लाल होती. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. मी ‘हाय’ करून झटकला.

“पंत, हे लिहून घ्या,” ते म्हणाले. “आपन कापसात उभे रायतो.”

मी मान हलवली.

रात्रंदिवस खपून मी इंग्रजीत अहवाल लिहिला. माझा पहिला मोठा अहवाल होता. साहेबांना रायफल आवडली होती हे मला ठाऊक होते. मडक्यांचे वर्णन मी फार सुंदर केले. जमादारांच्या दोन हरकतींसाठी मी वाक्ये जुळवली, पण वाचून पाहिले तेव्हा मडक्यांच्या तेजापुढे ती रडकी वाटली. शिवाय एका अडाणी जमादाराचे म्हणणे वर कोण वाचणार, असेही मनात आले. मी ती दोन वाक्ये गाळली. ‘पोलिसांच्या कामास सर्व प्रकारे योग्य’ असा शेवट केला. साहेबांनी माझ्या इंग्रजीची तारीफ केली आणि मी तरंगत घरी गेलो.

रायफली आल्या. एक अडचण लगेच उभी राहिली. गोळीला चरबी लावावी लागते, नाहीतर ती खाचांतून जात नाही. सत्तावनची धामधूम होऊन फार वर्षे झाली नव्हती. शिपायांनी हात मागे घेतले. “काहाची चरबी हाय, थे सांगा,” एवढेच ते विचारत. साहेब चिडले. जमादारांनी काय करावे? कचेरीच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली, शिपायांकडूनच मेण आणि तीळतेल आणवले, आणि प्रत्येकाला कढईत पळी फिरवायला लावली. हिंदू शिपायाने फिरवली, मुसलमान शिपायाने फिरवली. रहीम मिस्त्रींनी बोट बुडवून जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले, तेव्हा सगळे हसले. बंदुका हातात घेतल्या गेल्या. या गोष्टीचा अहवाल कोणी मागितला नाही.

मोसम भरात आला. आमच्या कोठीतून अकोल्यालाही हत्यारे जात. तिथल्या कापसाच्या बाजारावर नेमलेल्या पहाऱ्यात महादू नावाचा शिपाई होता, सेवेत तीन वर्षे झालेला, अंगाने काटक, स्वभावाने गरीब. भर दुपारी, वारा सुटलेला असताना, माल उतरवण्याच्या जागेवरून दोन गावांच्या गाडीवाल्यांत जुंपली. शेकडो गाड्या एकमेकींत अडकलेल्या. जुवे हातात घेऊन माणसे धावली. गर्दी एका भिंतीकडे रेटली जाऊ लागली आणि तिथे बसलेल्या मजूर बायका किंचाळल्या. महादू एकटा होता. त्याने ओरडून पाहिले, कोणी ऐकेना. शेवटी त्याने रायफल आभाळाकडे केली आणि बार काढला.

भांडण त्या क्षणी थांबले. गर्दी पांगली, बायका वाचल्या. आणि जळता कागद वाऱ्यावर तरंगत मोकळ्या कापसाच्या ढिगावर उतरला.

कापूस लाकडासारखा जळत नाही. आधी वरून नुसता करडा होत जातो, आतल्या आत आग सरकते, आणि वारा लागला की एकदम भडकते. सतरा पावले लांबीची ती ढिगांची रांग बघता बघता पेटली. गाड्यांना बैल बांधलेले होते. महादूने बंदूक टाकली आणि धावला. दावी सोडायला वेळ नव्हता. त्याने पेटत्या दोऱ्या हातांनी ओढून तोडल्या. किती बैल सोडवले हे त्याला सांगता आले नाही. माणूस एकही दगावला नाही, जनावरही नाही. कापूस मात्र गेला, आणि महादूचे दोन्ही तळवे भाजून निघाले.

व्यापारी खवळले. शिपायाने आग लावली, त्याला काढा, असे त्यांचे म्हणणे. साहेब मला आणि जमादारांना घेऊन अकोल्याला निघाले. दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, दोन दिवस मी जमादारांच्या समोर बसलो होतो. ते एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला सोपे गेले असते.

साहेबांनी जागा पाहिली, साक्षी घेतल्या. महादू दोन्ही हात केळीच्या पानांत गुंडाळून उभा होता. साहेब माणूस कठोर नव्हते, पण वरून विचारणा आलेली होती. ते मेजाशी बसले आणि मला हुकूम सांगू लागले. शिपायाने निष्काळजीपणे हत्यार चालवले; हत्यार योग्य असल्याचे परीक्षेअंती सिद्ध झालेले आहे; सबब शिपायास कामावरून दूर करण्यात येत आहे.

‘परीक्षेअंती सिद्ध’ हे माझेच शब्द. साहेबांनी ते माझ्या अहवालातून उचलले होते.

मी बोरू शाईत बुडवला. महादू माझ्याकडे पाहत होता, मी काय लिहितो आहे हे कळत नसलेल्या माणसासारखा. मला दोन अक्षरांपलीकडे लिहिता येईना.

साहेब म्हणाले, “पंत, क्या हुआ?”

मी उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, निष्काळजीपणा शिपायाचा नाही, माझा आहे. कागद जळत बाहेर पडतो हे जमादारांनी माळावर दाखवले होते. माझ्या हातावर ठेवला होता. मी ते अहवालात लिहिले नाही.”

“का नाही लिहिले?”

खरे कारण सांगायची लाज वाटत होती. तरी सांगितले. “आपल्याला बंदूक आवडली होती, म्हणून.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटले आता चाकरी गेली. मग ते जमादारांकडे वळले. “जमादार, ये सच है?”

उकर्डा जमादार क्षणभर माझ्याकडे पाहून म्हणाले, “सच हाय, साहेब. पन पंतायनं आता सांगतलं नसतं, तं म्या बी सांगतलं नसतं. माह्या बोलन्यावर कोनं इश्वास ठेवला असता?”

साहेबांनी तो अर्धा हुकूम माझ्यापुढून उचलला आणि फाडला. मला म्हणाले, “तुझा पगार सहा महिने वाढणार नाही. आणि पुढची परीक्षा जमादार ठरवील, तू नाही.” मग ते खुर्चीवरून उठून महादूजवळ गेले आणि त्याचे हात कसे आहेत ते पाहू लागले. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत राहिलो.

दुसरी परीक्षा अमरावतीला झाली. मडकी नव्हती. उकर्डा जमादारांनी मोकळा कापूस मागवून बंदुकीच्या तोंडापुढे वेगवेगळ्या अंतरांवर पसरवला. एक रायफल, एक जुनी सपाट नळीची, आणि एक रहीम मिस्त्रींनी केलेली. मिस्त्रींनी पलटनीने टाकून दिलेल्या जुन्या बंदुकीची नळी हातभर कापून आखूड केली होती, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता हलका केला होता आणि पट्टा लावला होता. गोळीऐवजी छर्रे, आणि कागदाऐवजी चामड्याची चकती ठासायची.

कागदाने तीनदा कापूस पेटवला. चकती नुसती काळी होऊन पडली. छर्रे साठ-सत्तर पावलांवर मरगळून जमिनीवर आले.

जमादार साहेबांना म्हणाले, “पाहा, गोळी इथी थांबली.”

मग त्यांनी सहा शिपायांना, दोघांना एका तऱ्हेची अशा, बंदुका खांद्यावर देऊन बडनेऱ्यापर्यंत जाऊन यायला लावले. परत आल्यावर त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. सदरे उतरवायला सांगितले आणि साहेबांना खांदे दाखवले. लांब रायफलवाल्यांचे खांदे सोललेले होते. बंदूक घेताना मालाकडे पाहावे तसे उचलणाऱ्याच्या खांद्याकडेही पाहावे, हे मला त्या दिवशी कळले. पुढे किती मुनीम आले आणि किती नमुने आले, मी आधी शिपायांकडून हीच फेरी मारून घेत असे.

निवड झाली. वाटेवरच्या पहाऱ्याला मिस्त्रींची आखूड बंदूक. रायफली मेळघाटातल्या चौक्यांवर गेल्या. तिथे वस्ती विरळ, जनावर मोठे, आणि लांब मारा कामाचा. तिथले शिपाई त्या बंदुकीवर बेहद्द खूश होते. हरजीवनभाईंना मी कळवले की तुमचा माल उत्तम आहे, आम्ही तो चुकीच्या जागी नेला होता. त्यांनी उत्तरात मुंबईहून अंजिराची पेटी पाठवली. साहेबांनी ती परत पाठवायला लावली, त्याचे मला थोडे वाईट वाटले.

कापसाच्या बाजारात मात्र बंदूक नकोच, असे जमादारांनी ठरवून टाकले. साहेबांनी विचारले, “मग गर्दी थांबवायची कशाने?”

“साहेब, गर्दीले गोळी नाही लागत. आवाज लागते.” त्यांनी बाजारातल्या पहारेकऱ्याला एक लाठी आणि लग्नात वाजवतात तसले पितळी शिंग दिले. पहिले शिंग महादूला. त्याचे तळवे बरे झाले, पण बोटे पुरती मिटत नसत. शिंग धरण्याइतकी मिटत. पुढे कितीतरी मोसम अकोल्याच्या बाजारात ते शिंग वाजले की गाडीवाले एकमेकांना म्हणत, “सरका बापा, महादूबुवा आले.”

नवा अहवाल इंग्रजीत लिहिण्याआधी मी तो मराठीत तयार केला आणि कचेरीच्या ओसरीवर जमादारांना वाचून दाखवला. रहीम मिस्त्रीही कानामागे हात धरून बसले होते. एका ठिकाणी मी ‘ही बंदूक निर्धोक आहे’ असे लिहिले होते. जमादारांनी हात वर केला.

“पंत, थे काढा. बंदूक हाय थे. निर्धोक कशी राहीन? ‘कमी धोक्याची’ लिहा.”

मी बदलले. मग म्हणालो, “आता इंग्रजी करू?”

“आता करा.”

मला एक सल मात्र राहिला. महादूच्या बोटांचा. तो भेटला की मी त्याच्या हातांकडे पाहत नसे, आणि त्याला ते समजत असे. एकदा त्याने स्वतःच माझ्यापुढे हात धरला आणि म्हणाला, “पाहा ना पंत, काहून भेता? बैल सुटले ना.” त्यानंतर मी पाहू लागलो.

आखूड बंदुकांचा पहिला मोसम संपला, तेव्हा उकर्डा जमादार आपली तुकडी घेऊन खामगावच्या वाटेवरून परत आले. चार महिने ते गाड्यांबरोबर चालत होते. सगळे काळेठिक्कर झालेले. बंदुका कोठीत जमा करताना साहेब मुद्दाम आले. त्यांना या बंदुकीचा पराक्रम ऐकायचा होता.

“कितने फायर किये, जमादार?”

“एकबी नाही, साहेब.”

साहेब जरा हिरमुसले. “एक भी नहीं? चोर आले नाहीत?”

“आले ना. तीन डाव आले. आमी रस्त्यात आडवे उभे राह्यलो. त्याईनं बंदुका पाह्यल्या अन् वापस गेले.”

साहेब काही वेळ त्या रांगेने ठेवलेल्या आखूड नळ्यांकडे पाहत राहिले, मग जमादारांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. जमादारांनी अंगणातल्या बाजेवर बूड टेकले, पायांतले जोडे काढले आणि सुजलेली बोटे चोळत मला म्हणाले, “पंत, जरा पानी सांगा न पियाले.” मी कोणाला सांगितले नाही. आत जाऊन माझ्याच तांब्यातले आणून दिले.